मण्यांचा अणू आणि भिंतीवरची आवर्तसारणी : एका शैक्षणिक संचाचे परीक्षण

परळच्या माझ्या दोन खोल्यांच्या घरात आठवी ते दहावीची सात मुले संध्याकाळी विज्ञान शिकायला येतात. निवृत्त बाईंकडे मुले पाठवण्यामागे पालकांचा हेतू गुणांचा असतो आणि त्यात गैर काही नाही. मात्र आवर्तसारणीचा, म्हणजे मूलद्रव्यांच्या आडव्या ओळींत (आवर्त) आणि उभ्या स्तंभांत (गण) केलेल्या मांडणीचा, धडा आला की निव्वळ गुणांच्या वाटेने चाललेली मुले नेमकी अडतात. पहिली वीस मूलद्रव्ये त्यांना मुखोद्गत असतात, ‘आवर्तात डावीकडून उजवीकडे जाताना अणुत्रिज्या कमी होत जाते’ हे वाक्य ती झोपेतही म्हणतील; पण इलेक्ट्रॉन वाढत असताना अणू मोठा होण्याऐवजी लहान का होतो, असे विचारले की सातही जण छताकडे पाहू लागतात. माझ्या भिंतीवरचा जुना तक्ता या कामी निरुपयोगी होता. त्यावरची मूलद्रव्ये 109 वर थांबलेली होती, आणि गणांना अजून रोमन आकडे व ‘अ’, ‘ब’ अशी जुनी नावे होती. म्हणून यंदा जूनच्या सुरुवातीला मी ‘आवर्तसारणी व अणुरचना’ असे नाव असलेला एक मराठी संच विकत घेतला. साडेचार महिने तो वापरल्यावर हे परीक्षण लिहीत आहे.

खरेदीविषयी थोडक्यात. शामलदास गांधी मार्गावर, ज्याला आपण सगळे अजून प्रिन्सेस स्ट्रीटच म्हणतो, प्रयोगशाळेची काचसामग्री आणि रसायने विकणाऱ्या दुकानांची दाटी आहे. त्यांपैकी एका दुकानात, अरुंद जिन्याने वर गेल्यावर, हा संच मिळाला. छापील किंमत 1,850 रुपये होती, मला तो 1,700 रुपयांना मिळाला. दुकानदारांनी खोका उघडून दाखवला, मणी मोजू दिले आणि मागितल्याशिवाय पक्के बिल दिले. लाल मणी मी मोजले, पांढरे मोजण्याचा कंटाळा केला. त्या कंटाळ्याचा हिशेब पुढे येईलच.

संचात चार वस्तू आहेत. चार फूट रुंदीचा, वरखाली लाकडी पट्ट्या असलेला आवर्तसारणीचा तक्ता. मध्ये एक वाटी आणि तिच्याभोवती चार वर्तुळाकार खाचा असलेली फळी, सोबत लाल, पांढरे व निळे मणी. 118 मूलद्रव्यांची 118 कार्डे. आणि 24 पानांची पुस्तिका. चारही वस्तूंचा दर्जा सारखा नाही, किंबहुना त्या वेगवेगळ्या माणसांनी एकमेकांना न विचारता तयार केल्या असाव्यात असे जागोजागी वाटते.

तक्त्यापासून सुरुवात करते, कारण खोक्यावर चित्र त्याचेच आहे आणि माझ्या मते संचातील सर्वांत दुबळी वस्तूही तीच आहे. छपाई ठसठशीत आहे, खोलीच्या दुसऱ्या टोकावरून चिन्हे वाचता येतात, सर्व 118 मूलद्रव्ये आहेत आणि 2016 मध्ये अधिकृत झालेली निहोनियम, मॉस्कोव्हियम, टेनेसिन आणि ऑगनेसन ही शेवटची चार नावेही देवनागरीत नीट दिली आहेत. गणांना 1 ते 18 असे आकडे आहेत. सोने, चांदी, तांबे, कथील, शिसे, जस्त, पारा, गंधक ही आपली नावे ठेवली आहेत याचा मला आनंद झाला, कारण ‘गंधक’ वाचताना मुलाला वास आठवतो, ‘सल्फर’ वाचताना फक्त स्पेलिंग आठवते.

दोष रंगांत आहे. हायड्रोजनला लिथियम, सोडियम यांच्याच नारिंगी रंगात रंगवून टाकले आहे. पहिल्या गणाच्या माथ्यावर त्याला जागा देण्याचे कारण त्याच्याकडे एकच इलेक्ट्रॉन आहे हे खरे. परंतु तो धातू नाही, आणि एक इलेक्ट्रॉन मिळवला की त्याचे कवच (इलेक्ट्रॉनांचा थर) भरते या बाबतीत त्याचे नाते हॅलोजनांशीही (फ्लुओरिन, क्लोरीन यांचा गण) लागते. ही सारणी मांडणाऱ्या मेंडेलीव्हच्या काळापासून त्याच्या जागेबद्दल वाद आहे. एवढी मोठी भिंत व्यापणाऱ्या तक्त्यात त्याला निदान वेगळा रंग द्यायला हवा होता. दुसरे टोक ऑगनेसनचे. त्याच्या चौकटीत ‘वायू’ ही खूण छापली आहे. ज्या मूलद्रव्याचे आजवर अगदी मोजके अणू तयार झाले आणि तेही क्षणार्धात विघटित झाले, त्याची भौतिक अवस्था कोणी पाहिलेली नाही. तो अठराव्या गणात आहे म्हणून वायू असणारच, हा तर्क चित्रकाराचा आहे, रसायनशास्त्राचा नाही.

अवस्थांच्या खुणांबाबत एक गंमत मात्र नमूद केली पाहिजे. तक्ता 25 अंश सेल्सिअसचा हिशेब धरतो आणि त्यानुसार ब्रोमीन व पारा ही दोनच मूलद्रव्ये द्रवरूप दाखवतो, ते बरोबर आहे. परंतु सिझियम 28.5 अंशांना आणि गॅलियम 29.8 अंशांना वितळते, म्हणजे मे महिन्यातल्या दुपारी परळमध्ये पंख्याखाली ठेवलेले गॅलियम घट्ट राहणार नाही. ‘मग आपल्या भिंतीवर तीन द्रव दाखवायला हवेत’, असे नववीतल्या एकाने सुचवले. मी त्याला चौथाही दाखवायला सांगितला.

सर्वांत मोठी तक्रार बाणांची. तक्त्याच्या चारही कडांना लांबलचक बाण काढले आहेत : अणुत्रिज्या इकडे कमी होते, विद्युत ऋणता (बंधातील इलेक्ट्रॉन ओढण्याची ताकद) तिकडे वाढते, धातुगुण खाली वाढतो. एकाही बाणावर आकडा नाही. बाण पाठ करण्यासाठी चांगला, समजण्यासाठी वाईट. दुसऱ्या आवर्तातील आकडे जरी छापले असते, तरी त्यांनी बाणांपेक्षा जास्त काम केले असते : लिथियमची अणुत्रिज्या 152 पिकोमीटर (पिकोमीटर म्हणजे मीटरचा एक लाख कोटीवा भाग), बेरिलियमची 111, बोरॉनची 88, कार्बनची 77, नायट्रोजनची 74, ऑक्सिजनची 66 आणि फ्लुओरिनची 64. हे आकडे डोळ्यांसमोर आले की मुलाला उतार तर दिसतोच, शिवाय तो सुरुवातीला तीव्र आणि शेवटी मंद आहे हेही दिसते. आयनीभवन ऊर्जेचा, म्हणजे अणूतून एक इलेक्ट्रॉन काढायला लागणाऱ्या ऊर्जेचा, बाण तर चक्क फसवतो. तो डावीकडून उजवीकडे सरळ चढत जातो. प्रत्यक्षात बेरिलियमची 899 किलोज्यूल प्रति मोल ही ऊर्जा बोरॉनपाशी 801 वर उतरते, आणि नायट्रोजनची 1,402 ऑक्सिजनपाशी 1,314 वर येते. या दोन पायऱ्या म्हणजे कवचांच्या आत आणखी उपकवचे असल्याचा पुरावा आहे. तो बाणाखाली गाडला गेला आहे.

आता फळीकडे वळते. संचातील ही वस्तू मला सर्वांत अधिक आवडली आणि तिनेच मला सर्वांत अधिक अडचणीत टाकले. मधल्या वाटीत लाल मणी म्हणजे प्रोटॉन आणि पांढरे म्हणजे न्यूट्रॉन, भोवतीच्या खाचांतील खळग्यांत निळे मणी म्हणजे इलेक्ट्रॉन. पहिल्या खाचेत 2 खळगे, दुसरीत 8, तिसरीत 18, चौथीत 32. मुले एकेक मूलद्रव्य ‘बांधत’ जातात. हायड्रोजनपासून कॅल्शियमपर्यंत वीस अणू बांधायला आम्हाला दोन संध्याकाळी लागल्या, आणि त्या दोन संध्याकाळींत जे घडले ते मला वर्गात फळ्यावर वर्तुळे काढून वर्षानुवर्षे घडवता आले नव्हते. लिथियम, सोडियम आणि पोटॅशियम बांधताना शेवटचा निळा मणी प्रत्येक वेळी एका नव्या, रिकाम्या खाचेत एकटाच जाऊन बसतो. निऑन आणि अरगॉन बांधून झाले की बाहेरच्या खाचेत आठ मणी असतात. एकाच गणातील मूलद्रव्ये सारखी का वागतात आणि नवे आवर्त नेमके कुठे सुरू होते, हे हाताला कळते.

अणू लहान का होतो, हा प्रश्नही इथे अर्धा सुटतो. लिथियमपासून फ्लुओरिनपर्यंत जाताना निळे मणी एकाच खाचेत भरत जातात, नवी खाच उघडत नाही. वाटीतील लाल मणी मात्र 3 वरून 9 वर जातात. ओढणारे वाढले, ओढले जाणारे त्याच कवचात राहिले, आणि मधल्या दोन इलेक्ट्रॉनांचा आडोसा तेवढाच राहिला, मग बाहेरचे आत खेचले जाणारच. एरवी वर्गात न बोलणारी एक मुलगी हे स्वतः म्हणाली. उरलेला अर्धा प्रश्न फळी सोडवू शकत नाही, कारण तिच्या खाचा कोरलेल्या आहेत आणि त्या आकसत नाहीत. फळीवर लिथियम आणि फ्लुओरिन एकाच मापाचे दिसतात. आम्ही आलेखाच्या कागदावर कंपासने 2 पिकोमीटरला 1 मिलिमीटर या प्रमाणात वर्तुळे काढली : लिथियमची त्रिज्या 7.6 सेंटिमीटर, फ्लुओरिनची 3.2. एका वर्तुळात दुसरे काढल्यावर प्रश्न उरला नाही. असा एक कागद उत्पादकांनी संचात घातला असता तर त्याचा खर्च रुपयाच्या आत राहिला असता.

प्रमाणाचाच विषय निघाला म्हणून सांगते. फळीवर वाटी 6 सेंटिमीटरची आणि सर्वांत बाहेरची खाच फुटभराची. याने केंद्रक अणूच्या पाचव्या भागाएवढे असते असा समज होतो, आणि पुस्तिकेत त्याबद्दल चकार शब्द नाही. रदरफर्डने 1911 मध्ये केंद्रकाची कल्पना मांडली, ती त्याच्या हाताखाली गायगर आणि मार्सडेन यांनी सोन्याच्या अतिपातळ पत्र्यावर अल्फा कण सोडून पाहिल्यानंतर. बहुतेक कण सरळ आरपार गेले आणि फार थोडे उलटे फिरले. अणू जर या फळीसारखा असता तर उलटे फिरणाऱ्यांची रीघ लागली असती. ढोबळ हिशेबाने, सोन्याच्या अणूचे केंद्रक मोहरीच्या दाण्याएवढे धरून शिवाजी पार्कच्या खेळपट्टीच्या एका टोकाला यष्टींजवळ ठेवले, तर त्या अणूची बाहेरची हद्द दुसऱ्या टोकाच्या यष्टींच्या आसपास येते. मी मुलांना खरोखरच तिथे नेले. मोहरी अर्थातच दिसेनाशी झाली, आणि तेच दाखवायचे होते.

आता पांढऱ्या मण्यांचा हिशेब. संचात लाल, पांढरे आणि निळे असे प्रत्येकी वीस मणी आहेत. उत्पादकाचा विचार उघड आहे : वीस मूलद्रव्ये बांधायची, विसावे कॅल्शियम, त्याच्या नेहमीच्या समस्थानिकात (समस्थानिक म्हणजे प्रोटॉन तेवढेच पण न्यूट्रॉन वेगळे असा त्याच मूलद्रव्याचा प्रकार) 20 प्रोटॉन आणि 20 न्यूट्रॉन, म्हणजे वीस-वीस पुरले. दहावीतला एक विद्यार्थी अठराव्या अरगॉनपाशी आला आणि म्हणाला, “बाई, मणी कमी पडतात.” मला वाटले कोणी हरवले. मोजले तर वीस होते. निसर्गातील अरगॉनचे जवळजवळ सर्व अणू 40 वस्तुमानांकाचे असतात, त्यांत 18 प्रोटॉन आणि 22 न्यूट्रॉन असतात. पुढच्या पोटॅशियमच्या बहुसंख्य अणूंत मात्र 19 प्रोटॉन आणि 20 न्यूट्रॉन, एकूण 39. म्हणजे अठरावे मूलद्रव्य एकोणिसाव्यापेक्षा जड आहे, आणि त्याच्यासाठीच मणी कमी पडतात. शर्टाची दोन पांढरी बटणे घालून आम्ही अरगॉन पूर्ण केले.

हा दोष आहेच. पण त्याने आम्हाला आवर्तसारणीच्या इतिहासातील सर्वांत रंजक पेचापाशी आणून सोडले, आणि ते श्रेय मी उत्पादकाला देणार नाही. मेंडेलीव्हने 1869 मध्ये सारणी मांडली तेव्हा 63 मूलद्रव्ये ज्ञात होती आणि मांडणीचा आधार अणुवस्तुमान हा होता. अरगॉन 1894 मध्ये रॅले आणि रॅम्से यांना सापडले आणि वस्तुमानाच्या क्रमाने ते पोटॅशियमनंतर जाऊ लागले. तसे केले तर तो निष्क्रिय वायू सोडियमच्या खाली आणि पाण्यात टाकताच पेट घेणारे पोटॅशियम निऑनच्या खाली बसते. मेंडेलीव्हने आधी तर अरगॉन हे मूलद्रव्य मानायलाच नकार दिला, तो तीन अणूंचा नायट्रोजन असावा असे त्याला वाटले. टेल्युरियम आणि आयोडीन यांच्यातही असाच उलटा क्रम आहे, 127.6 आणि 126.9. तिथे मात्र मेंडेलीव्हने गुणधर्मांना मान दिला आणि टेल्युरियमचे वस्तुमान चुकीचे मोजले गेले असावे असे गृहीत धरले. त्याची मांडणी बरोबर होती, त्याने दिलेले कारण मात्र चूक होते. खरे कारण हेन्री मोजले या ब्रिटिश शास्त्रज्ञाने 1913 मध्ये क्ष-किरणांच्या साहाय्याने दाखवले : क्रम ठरतो तो केंद्रकावरील धन प्रभाराने, म्हणजे लाल मण्यांच्या संख्येने. पांढरे मणी किती, याच्याशी मूलद्रव्याच्या जागेचा काही संबंध नाही. मोजले 1915 मध्ये गॅलिपोलीच्या रणभूमीवर वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी मारला गेला. न्यूट्रॉनचा शोध चॅडविकने लावला तो 1932 मध्ये, म्हणजे ज्या पांढऱ्या मण्यांनी आमचा गोंधळ उडाला ते मणी मोजलेच्या हाती कधी आलेच नाहीत. आणि अरगॉनमध्ये जड समस्थानिकाचीच एवढी भरमार का, याचे उत्तरही पोटॅशियमकडेच आहे : खडकांतील पोटॅशियम-40 या किरणोत्सारी समस्थानिकाचा काही भाग अब्जावधी वर्षांत अरगॉन-40 मध्ये रूपांतरित होत आला आणि तो वायू हवेत साठत गेला. आपण श्वासावाटे घेतो त्या हवेतील जवळजवळ एक टक्का अरगॉन असा आलेला आहे.

क्लोरीनपाशी मात्र वीस मण्यांचे गणित जुळते. कार्डावर 35.45 हे वस्तुमान पाहून मुलांनी अपेक्षेप्रमाणे ‘अर्धा न्यूट्रॉन कुठला?’ असे विचारले. 18 पांढरे मणी घालून एकदा आणि 20 घालून एकदा अणू बांधला, दर चार अणूंत पहिल्या प्रकारचे तीन आणि दुसऱ्या प्रकारचा एक असे धरले, सरासरी 35.5 आली. पाच मिनिटांचे काम.

फळीचा दुसरा पेच तिसऱ्या खाचेचा. तिच्यात 18 खळगे आहेत, अरगॉननंतर त्यांतले दहा रिकामे राहतात, आणि तरीही पोटॅशियमचा एकोणिसावा इलेक्ट्रॉन चौथ्या खाचेत ठेवा असे पुस्तिका सांगते. का, हे सांगत नाही. ‘जागा असताना पुढे का जायचे?’ हा मुलांचा प्रश्न रास्त आहे, आणि ‘बाहेरच्या कवचात आठापेक्षा जास्त नसतात’ हे पाठ्यपुस्तकी उत्तर म्हणजे प्रश्नाचीच पुनरुक्ती आहे. खळग्यांची संख्या ही कवचाची कमाल क्षमता आहे. भरण्याचा क्रम ऊर्जेने ठरतो, आणि चौथ्या कवचाचे पहिले उपकवच तिसऱ्याच्या शेवटच्या उपकवचाआधी भरते, एवढे तरी पुस्तिकेत असायला हवे होते. कॅल्शियमनंतर स्कँडियमपासून तिसऱ्या कवचातल्या त्याच दहा रिकाम्या जागा भरू लागतात आणि जस्तापाशी भरून संपतात. म्हणूनच सारणीच्या मध्यभागी दहा स्तंभांचा डी-खंड दिसतो. खळग्यांची मोजदाद आणि तक्त्यातील स्तंभांची मोजदाद जुळते हे माझ्या विद्यार्थ्यांना दिसले तेव्हा ते उठून तक्त्यापाशी गेले. आवर्तांची लांबी 2, 8, 8, 18, 18, 32, 32 अशी का आहे आणि बेरीज बरोबर 118 कशी येते, हे त्यानंतर त्यांनीच मोजून काढले. तक्ता त्या दिवशी पहिल्यांदा कामाला आला.

कार्डांबद्दल मी निःसंकोच चांगले लिहीन. प्रत्येक कार्डावर एका बाजूला नाव, चिन्ह आणि इलेक्ट्रॉन संरूपण (कवचांतील इलेक्ट्रॉनांची मांडणी) आहे, दुसऱ्या बाजूला फक्त अणुवस्तुमान, घनता, द्रवणांक आणि ऑक्साइड व हायड्राइड यांची सूत्रे. दुसरी बाजू वर ठेवून पसरली की मुलांपुढे तीच माहिती येते जी साधारण मेंडेलीव्हपुढे होती. तिसऱ्या आवर्तातील सात कार्डे घेऊन मी त्यांना एवढेच विचारले, की सर्वाधिक ऑक्सिजन असलेल्या ऑक्साइडात मूलद्रव्याच्या एका अणूमागे ऑक्सिजन किती? सोडियमला अर्धा, मग एक, दीड, दोन, अडीच, तीन आणि क्लोरीनला साडेतीन. पावकी-निमकी आजोबांच्या काळी संपली असे म्हणतात. त्या संध्याकाळी ती आमच्या सतरंजीवर परत आली. हायड्रोजनच्या बाबतीत हाच क्रम एक, दोन, तीन, चार असा चढून पुन्हा तीन, दोन, एक असा उतरतो. संयुजा (अणूची इतर अणूंशी जोडले जाण्याची क्षमता) म्हणजे काय हे शिकवण्याची यापेक्षा सोपी रीत मला ठाऊक नाही.

त्यानंतर जर्मेनियमचे कार्ड मी काढून घेतले आणि रिकाम्या जागेचे भाकीत करायला सांगितले. वर सिलिकॉन, खाली कथील, डावीकडे गॅलियम, उजवीकडे अर्सेनिक. चौघांच्या अणुवस्तुमानांची सरासरी 72.86 आली, घनतेची 5.3. कार्डावर 72.63 आणि 5.32 आहे. खोलीत काही क्षण कोणी बोलले नाही. मेंडेलीव्हने ‘एका-सिलिकॉन’साठी (न सापडलेल्या जर्मेनियमला त्याने दिलेले नाव) अणुवस्तुमान 72 आणि घनता 5.5 सांगितली होती आणि तीही गॅलियम अजून सापडलेले नसताना. गॅलियम 1875 मध्ये मिळाले, स्कँडियम 1879 मध्ये आणि विंक्लरला जर्मेनियम 1886 मध्ये. पुस्तिका मात्र यावरून ‘कोणत्याही मूलद्रव्याचे सर्व गुणधर्म शेजाऱ्यांच्या सरासरीएवढे असतात’ असा नियमच घालून देते. मुलांनी लगेच द्रवणांक घेतला : सिलिकॉन 1,414 अंश, कथील 232, सरासरी 823, प्रत्यक्षात जर्मेनियम 938 अंशांना वितळते. गॅलियमचे 29.8 त्यात धरले तर सरासरी आणखी कोसळते, आणि अर्सेनिक तर साध्या दाबाला वितळतच नाही, थेट वाफ होते. नियम मोडल्याचा मुलांना भाकीत जमल्यापेक्षा अधिक आनंद झाला.

तेव्हा पुस्तिकेविषयी. भाषा शुद्ध आहे, संज्ञा पाठ्यपुस्तकाशी जुळतात, मात्र निष्क्रिय वायूंना तक्त्यावर अठरावा गण आणि पुस्तिकेत ‘शून्य गण’ अशी फारकत आहे. इलेक्ट्रॉन कवचात कसे बसतात यासाठी लोकलच्या बाकावरील प्रवाशांचा दाखला दिला आहे. त्याने एकमेकांपासून दूर बसण्याची वृत्ती कळते, पण प्रवाशांना कोणी डब्याच्या मध्याकडे ओढत नसते, आणि इथे सगळा खेळ ओढीचा आहे. हेलियमची चौकट मला विशेष खटकली. 1868 च्या खग्रास ग्रहणात विजयदुर्ग किल्ल्यावरून लॉकियर या इंग्रज शास्त्रज्ञाने हेलियमचा शोध लावला, असे तीत छापले आहे. ही गोष्ट कोकणात सांगितली जाते आणि आपल्यापैकी अनेकांना ती प्रिय आहे. परंतु 18 ऑगस्ट 1868 चे ग्रहण जान्सन या फ्रेंच शास्त्रज्ञाने गुंटूरहून पाहिले; लॉकियरने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधूनच, ग्रहण नसताना, सूर्याच्या वर्णपटातील हेलियमची ती पिवळी रेषा पाहिली. तो विजयदुर्गला आला खरा, पण जानेवारी 1898 च्या ग्रहणासाठी, आणि तोवर रॅम्सेने 1895 मध्ये हेलियम पृथ्वीवरही शोधून काढला होता. स्थानिक संदर्भच हवा होता तर युरेनियमच्या चौकटीत ट्रॉम्बेच्या ‘अप्सरा’ अणुभट्टीला जागा देता आली असती. 4 ऑगस्ट 1956 रोजी ती सुरू झाली, ही तारीख निर्विवाद आहे. त्या चौकटीत मुंबईचे नावही नाही.

टिकाऊपणात तक्ता पुन्हा मागे पडतो. जुलैच्या दमट हवेत त्याच्या लॅमिनेशनला खालच्या कडेने फुगे आले, आणि ते नेमके लँथॅनाइड व ॲक्टिनाइडांच्या दोन ओळींवर आले. लाल मण्यांचा रंग घामट बोटांना लागतो. फळी उत्तम लाकडाची आहे आणि तिला काहीही झालेले नाही. कार्डांचे कोपरे मऊ पडले असले तरी सात मुलांच्या हातून इतके महिने ती टिकली हे पुष्कळ झाले.

घरी एकच मूल असेल आणि फक्त भिंतीसाठी आवर्तसारणी हवी असेल, तर हा संच घेऊ नये. याहून स्वस्त आणि बिनचूक तक्ते दादरला मिळतात. शिकवण्याचे काम करणाऱ्याने मात्र फळी आणि कार्डांसाठी 1,700 रुपये खर्च करायला हरकत नाही, हातात पेन घेऊन पुस्तिका आधी स्वतः वाचण्याची तयारी असेल तर. आठवीच्या मुलांना फळी पुरेशी आहे. कार्डांचा खरा उपयोग दहावीत होतो.

कोबाल्ट आणि निकेल यांची प्रत्येकी दोन कार्डे आली होती आणि ब्रोमीन व क्रिप्टॉनची नव्हतीच. मी दुकानात फोन केला. त्यांनी बिलाचा क्रमांक विचारला, कुरकुर केली नाही, आणि तीन आठवड्यांनी नवी कार्डे घेऊन जायला सांगितले. गेले तेव्हा गल्ल्याशेजारी याच संचाची नवी खेप उघडून ठेवली होती. यावेळी मी पांढरे मणी मोजले. वीसच होते.